जाहिरातीपुरता नवरा

त्या संध्याकाळी सिनेमा मध्ये जाहिरातीला थांबलाच नाही. नायिका जिना उतरून आली, दाराशी उभी राहून रडली, डोळे पुसून गाडीत बसली, गाडी पूल ओलांडून पलीकडे गेली, तरी दात काढणारा तो टूथपेस्टवाला आला नाही, की गादीवर उड्या मारणारं ते निर्लज्ज कुटुंब आलं नाही. बाईंचा अंगठा रिमोटवर, आवाज बंद करायच्या बटणावर, टपून बसला होता. तो तिथेच अवघडला. बाईंनी डावीकडे पाहिलं. डावीकडच्या खुर्चीत नवरा होता, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा. तोही वाट बघत असेल असं त्यांना वाटलं, पण त्याच्या तोंडावर काही दिसेल तर शपथ. आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दुपारी जावई येऊन टीव्हीशी खुडबूड करून गेला होता आणि जाताना "आई, तुम्हा दोघांना एक सरप्राइज आहे" असं म्हणून मुलाला गोळी द्यावी तसा हसला होता. ते हे. वरचे पैसे भरून त्याने जाहिराती काढून टाकल्या होत्या. सासूसासऱ्यांची सोय.

आता जाहिराती गेल्या म्हणून हळहळणारी बाई जगात दुसरी सापडायची नाही, पण त्या घरात नवराबायको बोलायचे ते जाहिरातींमध्येच. भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. दिवसा ते एकमेकांना पाठमोरे असायचे. ती नळ सोडून भांड्यांशी, तो बाल्कनीत पेपराशी, आणि जे काही बोलायचं ते भिंतीला सांगून टाकल्यासारखं. पण संध्याकाळी सिनेमा लागला आणि पहिली जाहिरात आली की बाई तिचा आवाज मारायच्या, कारण जाहिरातवाल्या माणसांना आपल्या घरात तोंड उघडू देणं त्यांना अपमानाचं वाटायचं, आणि मग खुर्ची गर्रकन त्याच्याकडे फिरवायच्या. खुर्ची फिरणारी होती. बाईंचं टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं, त्यातली. दोघांचं नीट वाटून ठरलेलं होतं: टूथपेस्टमध्ये गॅस, नळ, किल्ल्या, गादीमध्ये मुलगी आणि तिचा संसार, विम्याचा म्हातारा आला की दुखणीखुपणी. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेल्या सेकंदांचे आकडे उलटे पडत असायचे, आणि ते पडायला लागले की माणसाला आपोआप मुद्द्याचं सुचतं. आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी, विम्याचा म्हातारा नातवाचा हात धरून बागेतून चाललेला असताना, नवरा बाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाला होता, "मला वाटतं, मला आता..." आणि आकडे संपले. बाईंनी हात वर केला, रस्त्यावरच्या पोलिसासारखा. "थांबा, लागला सिनेमा. पुढच्या वेळेला सांगा." तो थांबला. पुढची वेळ आलीच नाही, कारण तेवढ्यात सिनेमा संपला, आणि दुसऱ्या दिवशी जावई आला.

मला वाटतं, मला आता. आता काय. बाईंनी पहिल्या रात्री ते वाक्य उशीखाली घेतलं आणि त्याला शेपट्या लावून पाहिल्या. मला आता दाढी ठेवायचीय. मला आता भूक लागत नाही. मला आता भावाकडे जाऊन राहायचंय. मला आता तुझा कंटाळा आला. नवऱ्याबद्दल त्यांचं मत असं की या माणसाच्या वाक्याला मोठी शेपटी झेपायची नाही, सगळी बाब शेवटी बनियनच्या मापापाशी येऊन संपणार. पण झोप काही मताचं ऐकत नव्हती. आणि सरळ विचारायचं म्हणजे आपल्याला त्या वाक्याची गरज आहे असं कबूल करायचं. गरज असलेल्या माणसांना बाईंनी आयुष्यभर तारेच्या दुसऱ्या टोकावरून ऐकलं होतं, आणि त्यांच्याबद्दल त्यांना काही फार आदर उरला नव्हता.

ट्रंक कॉलच्या, म्हणजे गावोगावचे फोन हाताने जोडायच्या बोर्डावर त्या एकवीस वर्षांच्या असताना बसल्या आणि केस पिकेपर्यंत बसल्या. डोक्यावरून पट्टा, कानावर रबरी वाटी, समोर भोकांची भिंत आणि हातात लाइन जोडायच्या तापलेल्या दोऱ्या. त्या दोऱ्यांना उन्हात विसरलेल्या चपलेसारखा वास यायचा. त्यांच्या सुपरवायझरबाई, देहाने आडव्या आणि आवाजाने आणखी आडव्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पोरी, आवाज वर न्यायचा नाही. समोरचा म्हणाला ऐकू येत नाही, की आणखी हळू बोलायचं आणि आणखी स्पष्ट. ओरडली ती हरली." बाईंचा आवाज मुळातच बारीक, सुईच्या नेढ्यातून ओवता येईल असा. एक्स्चेंजमध्ये बोलायचे की एकदा वादळात खांब झोपले, तारा चिखलात लोळत होत्या, तरी बाईंनी "हॅलो" म्हटलं आणि ते तीन गावं पलीकडे कोणाच्या तरी बंद पडलेल्या रेडिओतून बाहेर पडलं. बाईंनी ही गोष्ट कधी खोडून काढली नाही. तर त्या बारीक आवाजात त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?" आणि तिथून पुढच्या चार श्वासांत माणसं खरं बोलायची. आधीची सगळी मिनिटं हवापाण्यात, तब्येतीत, इकडच्या तिकडच्या चौकशांत गेलेली असायची, आणि मग शेवटाला, दोरी ओढायच्या आत, बाबा गेले, किंवा मी येत नाही, किंवा नुसतंच तू. बाईंना हे इतकं पाठ झालं होतं की माणसाचं पहिलं वाक्य त्यांच्या कानात शिरायचंच नाही.

आणि अर्जंट कॉलवाले. दुप्पट पैसे देऊन रांगेत पुढे घुसणारे. त्यांना म्हणे थांबायला वेळ नसायचा, आणि लाइन दिली की बोलायला काही नसायचं. एक कापडवाला होता, रोज अर्जंट. एकदा तो म्हणाला, "बोल, मी ऐकतोय." पलीकडचा म्हणाला, "पैसे तुझे, तू बोल." हा म्हणाला, "छे छे, आधी तू." पूर्ण वेळ दोघे एकमेकांना मान देत बसले आणि शेवटी बाईंनी दोरी ओढली तेव्हा दोघेही बाईंना थँक्यू म्हणाले. पैसे देऊन वाट बघणं टाळतात त्यांना वाट बघून जे सुचतं ते सुचत नाही, असं बाईंचं तेव्हापासूनचं ठाम मत होतं, आणि जावई घरात आला तेव्हा त्यांनी त्याला पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. अर्जंट कॉल. चालताबोलता.

नुसता आळशी असता तर बाईंनी माफ केलं असतं. आळसात एक राजेपण असतं. हा कष्ट टाळण्याचे कष्ट करणारा माणूस. एकदा सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेला. थिएटरच्या दाराशी तिकिटाची खिडकी उघडी, आत एक माणूस गालाला हात लावून बसलेला, समोर चिटपाखरू नाही. खिडकीपासून दोन हातांवर उभं राहून जावयाने खिशातून फोन काढला आणि फोनवर तिकिटं काढली. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्याने सावली धरली ती त्या खिडकीच्याच छपराची. तिकिटावर वेगळं सोय-शुल्क लावलं होतं. बाईंनी विचारलं, "ही सोय म्हणजे कोणती?" तो म्हणाला, "अहो आई, घरबसल्या होतं." बाई म्हणाल्या, "आपण घरी आहोत का?" मुलीने मध्ये पडून बाईंचा दंड धरला. "आई, तू ना, कुठल्याही चांगल्या गोष्टीला नाक मुरडतेस." आतला माणूस काचेतून त्यांच्याकडे असा बघत होता की मत्स्यालयात नक्की कोण आहे ते बाईंना कळेना. अंगठा आपला, फोन आपला, ऊन आपल्याच डोळ्यांवर, आणि शुल्क द्यायचं त्यांना. त्याच जावयाने एक सिनेमा विकत घेऊन टीव्हीवर लावला होता, जो घरात डीव्हीडीच्या तबकडीवर पडलेला होता. तबकडी कपाटात होती. कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. "कोण उठणार, आई. डोक्याला ताप नको." त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून जग किती धडपडत होतं ते बघून बाईंना कधीकधी त्या डोक्यात नेमकं काय जपून ठेवलंय ते उघडून बघावंसं वाटायचं.

दिवस गेले. सिनेमे सलग चालू राहिले, दोन दोन तास, श्वास न घेता, आणि बाईंना प्रथमच दिसलं की सिनेमातली माणसं किती बोलतात. एवढं बोलून त्यांचं काही होत नव्हतं ते वेगळंच. नवरा डावीकडे होता. बाई हसल्या की हसायचा, थोडा मागून, जिन्यात पाय शोधावा तसा. पूर्वी त्यांना वाटायचं, याला विनोद उशिरा कळतो. आता वाटायला लागलं, हा वेडावतोय. एकदा दाराची घंटा वाजली आणि तो ढिम्म बसून राहिला. बाई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आल्या आणि दार उघडताना मनात म्हणाल्या, घ्या, हेही आता मीच. एकदा त्यांनी भांडी विसळता विसळता मुद्दाम म्हणून पाहिलं, "मी मेले तर कळवू का कोणाला?" बाल्कनीतून पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात पुरुषमाणसं पटाईत असतात हे त्यांना माहीत होतं, पण इतकी सफाई त्यांनी याच्याकडून अपेक्षिली नव्हती. आयुष्यभर छापखान्यात मशीनमन, मशीनच्या पोटाशी उभा. तोंडाने ओरडून बोलणारा, मनात काही ठेवता न येणारा माणूस. टेलिफोनची डिरेक्टरी त्याच छापखान्यात छापायचे. गठ्ठे घेऊन तो एक्स्चेंजच्या दाराशी यायचा आणि असा ओरडून बोलायचा की बोर्डावरच्या सगळ्या पोरी एका वेळी कानावरच्या वाट्या दाबायच्या. बाईंनी त्याला सांगितलं होतं, "इथे ओरडायचं नसतं." तो वाकून म्हणाला, "काय म्हणालात?" बाईंनी आणखी हळू सांगितलं. तो आणखी वाकला. असा वाकत वाकत तो लग्नापर्यंत आला, आणि तेव्हा एक्स्चेंजमधल्या पोरी म्हणायच्या, की बाईंनी त्याला आवाजाला बांधून ओढत आणलाय. ते वाकणं आठवलं की बाईंना अजूनही मानेवर काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं, आणि मग बाल्कनीतलं ते ताठ पाठमोरं डोकं बघून तेवढाच संतापही यायचा. हे डोकं आता वाकायचं बंद झालं होतं. म्हणजे ते वाक्य तेच होतं. मला वाटतं, मला आता पुरे झालं.

शेवटी त्यांनी जावयाला फोन लावला. मानाला दोन ठिकाणी टाके घालावे लागले, पण लावला.

"ते जाहिरातींचं," बाई म्हणाल्या. "त्या परत आणायच्या असतील तर?"

"काय परत आणायचं, आई?"

"जाहिराती."

पलीकडे जावयाने कोणाला तरी, बहुतेक मुलीला, फोनवर हात ठेवून काहीतरी सांगितलं. हात ठेवलेल्या फोनमधलं ऐकणं हा बाईंच्या हातचा मळ होता. "तुझ्या आईला जाहिराती हव्यात," असं तो म्हणाला होता, आणि मुलगी म्हणाली होती, "दे तिला, काय हवं ते दे बाबा."

"आई, लोक त्या जाव्यात म्हणून पैसे देतात."

"मी त्या याव्यात म्हणून देते. काय लागेल ते सांग."

"असं नसतं हो. वर्षाचं भरलंय मी. मधेच खालच्या प्लॅनवर उतरता येत नाही."

"म्हणजे चढायला जिना आहे आणि उतरायला नाही."

"आई, पण तुम्हाला त्या कशाला हव्यात? वेळ फुकट जातो."

आपला नवरा जाहिरातीत बोलतो हे याला कसं सांगायचं, आणि सांगितलं तर हा काय करेल ते त्यांना स्वच्छ दिसत होतं: नवराबायकोला बोलायला लावणारं काहीतरी महिन्याच्या भाड्याने मिळत असेल ते शोधून काढेल, आणि वरच्या दर्जाचं घेईल. "मला टूथपेस्ट घ्यायचीय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी सिनेमात एक होडी होती. होडीत एक माणूस आणि एक बाई, तळं, धुकं, आणि दोघांचं बोलणं संपता संपेना. बाईंच्या डाव्या कानशिलापाशी, जिथे पूर्वी पट्टा बसायचा तिथे, ठणकायला लागलं. हे असं वर्षभर चालायचं. त्यांनी समोर बघत, जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "त्या दिवशी काय म्हणत होतात?" तो होडीकडेच बघत होता. त्यांनी त्याच्याकडे मान वळवून पुन्हा म्हटलं, आणखी हळू आणि आणखी स्पष्ट, शिकवल्याप्रमाणे. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "हो, हो." आणि पुन्हा होडीकडे बघायला लागला. हो, हो. मोलकरणीला म्हणतात तसं. बाईंच्या अंगात इतक्या वर्षांचा साठवलेला तिटकारा एकदम उभा राहिला. जावयाचा, मुलीचा, कापडवाल्याचा, होडीतल्या त्या वाचाळ जोडप्याचा आणि या ताठ मानेच्या म्हाताऱ्याचा, आणि तो सगळा कुठे फेकायचा ते न कळून त्यांनी तो रिमोटवर काढला. सिनेमाचा आवाज त्यांनी आजवर कधी मारला नव्हता. तो मान फक्त टूथपेस्टवाल्यांचा. त्यांनी बटण दाबलं, होडीतल्या माणसाचं तोंड हलत राहिलं आणि आवाज गेला, आणि अंगवळणीच पडलेलं होतं म्हणून पायाने खुर्ची गर्रकन फिरवली.

नवऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचे खांदे खाली आले. "आली एकदाची," तो म्हणाला. "कुठे गेल्या होत्या सगळ्या? हल्ली जाहिराती येतच नाहीत."

बाई म्हणाल्या, "जावयाने बंद केल्या. सरप्राइज म्हणाला ना, तुमच्यासमोर."

"हो का. मला वाटलं तो वाढदिवसाचं काहीतरी बोलतोय." मग तो घाईने, आकडे पडत असल्यासारखा, सुरू झाला. गॅस संपत आलाय. मोरीच्या नळाचा वायसर गेलाय. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडेच आहे, शोधू नये. बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले, वर जाऊ नयेत म्हणून. नवऱ्याने घसा खाकरला. "आणि त्या दिवशी सांगत होतो ते. मला वाटतं, मला आता ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"तू."

स्क्रीनवर होडीतली बाई रडायला लागली होती. तिचा प्रकाश नवऱ्याच्या अर्ध्या तोंडावर हलत होता.

"बाकीचं थोडंफार येतं," तो म्हणाला. "दार आपटलं की कळतं. जावई कळतो, तो ओरडतोच. छापखान्यात मशीन चालू झाली की बारीक आवाज आधी जायचे, जाड मागे उरायचे, तसंच झालंय. तुझा सगळ्यात आधी गेला. टीव्ही चालू असला की तू नुसते ओठ हलवतेस. जाहिरातीत तू आवाज मारतेस आणि तोंड इकडे करतेस, तेव्हा जमवतो कसंबसं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. जास्तही असेल."

"मग बोलायचं नाही का तोंडाने?"

"बोलत होतो. तू हात वर केलास."

बाईंना वाटलं की काहीतरी टोचून बोलावं, त्यांच्याकडे अशा वेळेसाठी नेहमी काहीतरी तयार असायचं, पण तोंडापर्यंत जे आलं ते सगळं बारीक होतं. वादळातून गेलेला आवाज. तीन गावं ओलांडलेला. तो या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता, आणि बाई समोरच्या माणसाला माजोरी समजून त्याच्या पाठीशी रोज संध्याकाळी मनातल्या मनात भांडत होत्या. लाइन मेली तर पहिल्या खरखरीला ओळखतात असा त्यांचा लौकिक. स्वतःच्या घरातली मेलेली लाइन त्यांना कळली नव्हती, आणि कळली नव्हती ती याच कारणाने, की त्या तिला तुच्छ समजत होत्या. ही गोष्ट गिळायला त्यांना वेळ लागला. जावयाचा राग मात्र जराही कमी झाला नाही; उलट आता त्याला बसायला ऐसपैस जागा मिळाली.

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज वर नेला. "कानाचं यंत्र मिळतं."

नवरा खुर्चीत दचकला. "एवढं नको. एवढं शेजाऱ्यांना. वर नको नेऊस, खाली आण. जाड कर."

बाईंनी सुपरवायझरबाईंना आठवलं, हनुवटी गळ्यात रुतवली आणि पोटातून आवाज काढला. "कानाचं यंत्र मिळतं म्हटलं."

"आला," नवरा म्हणाला. "म्हशीसारखा, पण आला. मिळतं ते यंत्र, मी विचारलंय. आपण जाऊ, रांगेत बसू. जावयाला सांगू नकोस. तो उद्याच घरपोच आणेल, वरचे पैसे भरून, आणि तिसरा कान नाही म्हणून हळहळेल."

बाई हसल्या. या वेळी तो मागून हसला नाही, कारण विनोद त्याचाच होता. मग त्याने पडद्याकडे हनुवटी केली. होडीतल्या माणसाने वल्ही टाकून दिली होती आणि हात पसरून काहीतरी फार मोठं बोलत होता.

"काय म्हणतोय तो?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. आवाज अजून बंदच होता. त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं, आणि बटण दाबायची त्यांना घाई नव्हती.

"तो म्हणतोय," बाई हनुवटी गळ्यात रुतवून म्हणाल्या, "की होडीवाल्याने जास्त पैसे घेतले म्हणून मी स्वतःच वल्ही मारली, आता माझ्याच्याने परत जाववत नाही."

"आणि ती? ती का रडतेय?"

"ती म्हणतेय, मला पोहता येतं, तुझं तू बघ."

नवरा पडद्याकडे आणि मग बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. "खोटं," तो म्हणाला. "असं कोणी सिनेमात बोलत नाही."

"तुम्ही ऐकलंत का?"

"नाही."

"मग मी सांगते ते ऐका," बाई म्हणाल्या, आणि नवऱ्याने आपली खुर्ची उचलून त्यांच्या खुर्चीला लावली आणि वाकला.